मोजक्या तासांची मुदत : आधुनिक रणांगणावरील अनपेक्षितता

युद्धशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत युद्धतत्त्वांची जी यादी दिलेली असते तीत उद्दिष्टाची निश्चिती, बळाची एकवट, बळाची काटकसर आणि सुरक्षितता यांच्या पंक्तीला अनपेक्षितता हे तत्त्व हटकून बसलेले असते. परंतु इतर तत्त्वांचे अर्थ जितके काटेकोर झाले आहेत तितका याचा झालेला नाही. शत्रूच्या नजरेस न पडता त्याच्यावर तुटून पडणे म्हणजे अनपेक्षितता, असा सर्वसाधारण समज आहे. गेल्या शंभर वर्षांतील लढाया तपासल्या तर मात्र बचाव करणाऱ्याला काहीच दिसले नव्हते अशी उदाहरणे थोडीच निघतात, आणि दिसले होते पण त्याचा अर्थ भलताच लावला गेला, किंवा अर्थ बरोबर लागला पण सैन्य हलवायला वेळ उरला नाही, अशी पानोपानी आढळतात. म्हणून अनपेक्षितता अंधारापेक्षा शत्रूच्या हिशेबात शोधणे अधिक फलदायी ठरते. हल्ला कधी, कोठून, कशाने आणि किती जोराने होईल याचा अंदाज बांधून बचाव मांडलेला असतो. त्यातील एखादे गृहीतक मोडले की ते दुरुस्त होईपर्यंतचा काळ हल्लेखोराच्या पदरात पडतो, आणि हा काळ जवळजवळ नेहमीच थोडा असतो.

येथे दोन पातळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. संपूर्ण युद्धाचा हेतू आणि त्यासाठी साधनांची जुळणी ही रणनीती, तर प्रत्यक्ष लढाईच्या जागी तुकड्या कशा हलवायच्या आणि शस्त्रे कशी वापरायची हे डावपेच. क्लाउझेवित्झ या प्रशियन सेनानी-लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच असे मत मांडले होते की अनपेक्षितता डावपेचांच्या पातळीवर सहज साधते, रणनीतीच्या पातळीवर मात्र क्वचितच, कारण मोठी तयारी लपत नाही. मराठी वाचकाच्या मनात या विषयाबरोबर गनिमी काव्याची आठवण येणे स्वाभाविक आहे, आणि ५ एप्रिल १६६३ रोजी पुण्याच्या लाल महालात शायिस्ताखानावर पडलेला छापा हा अशा हल्ल्याचा उत्तम नमुनाही आहे. पण तो मूठभर माणसांचा, एका रात्रीचा आणि ओळखीच्या मुलखातला डाव होता. विसाव्या शतकातील सेनापतीपुढचा पेच निराळा आहे, कारण त्याला हजारो वाहने, शेकडो तोफा आणि त्यांना लागणारा दारूगोळा, इंधन व अन्न यांसह लाखभर माणसांना गुपचूप पुढे न्यायचे असते. हा पसारा लपवता येत नाही, फार तर त्याचा अर्थ लपवता येतो.

पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर तर अनपेक्षितता रणांगणावरून नाहीशीच झाली होती, आणि तिला घालवणारी गोष्ट म्हणजे हल्लेखोराचा स्वतःचा तोफखाना. १९१६च्या सोमच्या लढाईपूर्वी ब्रिटिश तोफांनी आठवडाभर सुमारे १५ लाख गोळे डागले, तेव्हा हल्ला येथेच होणार हे समोरच्या जर्मन शिपायाला वेगळे सांगावे लागले नाही. खोल भुयारांत तग धरलेले मशीनगनवाले भडिमार पुढे सरकताच वर आले आणि १ जुलै या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. भडिमाराशिवाय काटेरी तारा तुटत नव्हत्या आणि भडिमार केला की जागा फुटत होती, असा हा दुहेरी पेच होता. त्यात आणखी एक अडचण अशी की नवी तोफ मोर्चावर आणली की नेम बसवण्यासाठी आधी काही गोळे टाकून ते कोठे पडतात हे पाहावे लागे, आणि एखाद्या टापूत असे चाचणीचे बार वाढले की शत्रूच्या निरीक्षकांना तेवढा इशारा पुरत असे.

हा पेच सोडवण्यात मोजमापाचा वाटा शौर्याहून मोठा होता, आणि लढायांच्या इतिहासात त्याला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी. प्रत्येक तोफेची जागा नकाशावर भूमापनाने अचूक ठरवणे, झिजलेल्या नळीतून गोळा किती वेगाने सुटतो हे तोफागणिक आधीच मोजून ठेवणे, वाऱ्याचा वेग, हवेचे तापमान आणि दाब यांची दुरुस्ती दिवसातून अनेक वेळा कळवणे, आणि शत्रूच्या तोफा कोठे आहेत हे त्यांच्या आवाजावरून व ज्वाळेवरून शोधणे, अशी ती पद्धत होती. आवाजावरून तोफ शोधण्याचे काम लॉरेन्स ब्रॅग या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे होते, ज्याला १९१५ साली, वयाच्या पंचविशीत, नोबेल पारितोषिक मिळाले होते. तोफ सुटताना कानाला न जाणवणारी हवेची एक लाट निघते हे त्याला शौचकूपाच्या पाटावर बसलेले असताना खालून बसलेल्या धक्क्यामुळे ध्यानात आले, असे तो स्वतःच पुढे सांगत असे. ती लाट टिपण्यासाठी टकर नावाच्या सहकाऱ्याने तापलेल्या तारेचा मायक्रोफोन बनवला, आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या अशा मायक्रोफोनांपर्यंत आवाज पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून तोफेची जागा काढता येऊ लागली.

२० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे या सगळ्याची परीक्षा झाली. एक हजारांहून अधिक तोफा चाचणीचा एकही बार न टाकता पहाटे एकदम सुटल्या, तारा तुडवण्याचे काम ४७६ रणगाड्यांकडे होते, आणि रुंद खंदक बुजवण्यासाठी त्यांच्या टपांवर काटक्याकुटक्यांचे जाडजूड भारे बांधलेले होते. सकाळभरात ब्रिटिश सैन्य जितके पुढे गेले तितकी जमीन त्याच वर्षी ईप्र भागात मिळवायला महिने लागले होते, आणि इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजवण्यात आल्या. परंतु फळी फोडल्यानंतर आत घुसवायला ताजे पायदळ पुरेसे नव्हते आणि दिवसाखेरीस रणगाड्यांपैकी पुष्कळसे बिघडून, अडकून किंवा गोळे लागून निकामी झाले होते. ३० नोव्हेंबरला जर्मनांनी तितकाच अनपेक्षित प्रतिहल्ला करून गेलेल्या मुलखाचा बराच भाग परत घेतला. घंटा जरा लवकरच वाजल्या होत्या. कांब्रेपासून पुढच्या प्रत्येक पिढीला हा हिशेब नव्याने मांडावा लागला आहे की अनपेक्षिततेने दार उघडते, पण ते किती वेळ उघडे राहील हे आत शिरायला तयार असलेल्या राखीव दलावर ठरते. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमिएँ येथे कॅनेडियन कोअर दुसरीकडे असल्याचा आभास खोट्या बिनतारी संदेशांनी निर्माण करून ती गुपचूप पुढे आणली गेली, तेव्हा राखीव दलाची तजवीजही अधिक चांगली होती, आणि तो दिवस जर्मन सेनानी लुडेनडॉर्फला आपल्या सैन्याचा काळा दिवस वाटला.

दुसऱ्या महायुद्धातील उदाहरणे इतकी परिचित आहेत की त्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही. मे १९४० मध्ये आर्देनच्या जंगलातून आलेले जर्मन रणगाडे, जून १९४१ मध्ये इशाऱ्यांचा ढीग साचूनही गाफील सापडलेली सोव्हिएत सरहद्द, डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बर, हे सारे शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचले आहे. त्यांतून निघालेली एक संकल्पना मात्र थांबून पाहण्याजोगी आहे. रॉबर्टा वोलस्टेटर या अमेरिकी अभ्यासिकेने १९६२ साली पर्ल हार्बरवरील ग्रंथात दाखवून दिले की माहितीचा तुटवडा नव्हता. खऱ्या इशाऱ्यांभोवती निरर्थक, जुन्या आणि परस्परविरोधी बातम्यांचा इतका गोंगाट होता की नेमका इशारा कोणता हे घटना घडून गेल्यावरच उमगत होते. त्या सकाळी ओपाना येथील रडारच्या पडद्यावर येणारी विमाने दिसली होती, पण अमेरिकेहून आपलीच बॉम्बफेकी विमाने यायची आहेत हे ठाऊक असल्याने तो ठिपका कोणाला खटकला नाही. याच्या उलट बाजूचे उदाहरण डिसेंबर १९४४ चे आहे. जर्मन गुप्त बिनतारी संदेश फोडण्याची दोस्तांना इतकी सवय झाली होती की जर्मनांनी आर्देनमधील हल्ल्याचे हुकूम तारायंत्रांवरून आणि माणसांकरवी पाठवले तेव्हा बिनतारीवरची ती शांतता म्हणजे हालचालच नाही, असे बहुतेकांना वाटले. देखरेखीचे साधन जितके उत्तम, तितकी त्यात न दिसणारी गोष्ट अस्तित्वातच नसल्याचा भ्रम पक्का होतो.

सोव्हिएत सैन्याने या भ्रमाचे शास्त्र बनवले, ज्याला रशियन भाषेत मास्किरोव्का म्हणतात. त्यात जाळ्या टाकून तोफा झाकण्यापासून खोटे पूल, लाकडी रणगाडे, मुद्दाम सुटणाऱ्या अफवा आणि सेनापतींच्या बदल्यांची हूल यांपर्यंत सारे येते, आणि ते शेवटच्या क्षणी जोडायचे शेपूट नसून मोहिमेच्या आराखड्याचाच भाग असते. जून १९४४ मध्ये बेलारूसमधील हल्ल्यापूर्वी जर्मनांना खरा घाव दक्षिणेस, युक्रेनकडे, बसेल असे वाटत राहावे याची काळजी घेतली गेली, आणि रोकोसोव्स्कीच्या सैन्याने दलदलीवर ओंडक्यांचे रस्ते अंथरून, रणगाडे येणे अशक्य मानलेल्या बाजूने वाट काढली.

अनपेक्षिततेचे सर्व घटक एका लढाईत पाहायचे असतील तर ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्तने सुएझ कालवा ओलांडला ती दुपार सर्वांत उपयोगी पडते. कालव्याच्या पूर्व काठावर इस्रायलने काही मजल्यांच्या इमारतीएवढा उंच वाळूचा बांध घातला होता, आणि त्याला खिंडार पाडून रणगाडे वर चढवायला सुरुंग व बुलडोझर वापरूनही इजिप्तला एक-दोन दिवस लागतील, तोवर राखीव दले येऊन पोहोचतील, असा हिशेब होता. इजिप्शियन सैन्यातील बाकी झकी यूसुफ या अभियंता अधिकाऱ्याने आस्वान धरणाच्या कामावर पाण्याच्या झोताने वाळू हलवताना पाहिली होती, आणि त्याने सुचवलेला उपाय इतका साधा होता की त्यावर कोणाची नजर ठरली नाही: तराफ्यांवर पंप बसवायचे, कालव्याचेच पाणी ओढायचे आणि झोताने बांध वितळवायचा. काही तासांत खिंडारे पडली आणि रात्रीपर्यंत त्यांतून रणगाडे जाऊ लागले. पंप बाजारात मिळणारे होते. वस्तू साधी, वापर मात्र कोणाच्या कल्पनेत नसलेला.

दुसरे शस्त्र तर गुप्तही नव्हते. सॅगर या सोव्हिएत रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राची माहिती इस्रायली गुप्तवार्ता विभागाकडे होती. हे क्षेपणास्त्र एका लहानशा पेटीतून पाठीवर वाहून नेता येते, उडताना मागे बारीक तार सोडत जाते, आणि दूर आडोशाला बसलेला शिपाई हातातील दांडी हलवून त्या तारेवाटे त्याला तीन किलोमीटरपर्यंत वळवत नेतो. ५०० मीटरच्या आत ते निकामी, म्हणून जवळच्या रणगाड्यांसाठी शेजारीच खांद्यावरून डागायचे आरपीजी-७ घेतलेले शिपाई बसवलेले होते. नवल शस्त्राचे नव्हते, त्याच्या दाटीचे होते. पायदळाला पाहताच उधळून लावण्याची सवय झालेले इस्रायली रणगाडे पायदळाच्या किंवा तोफखान्याच्या साथीशिवाय सरसावले आणि पहिल्या तीन दिवसांत त्यांची मोठी हानी झाली. पण लांबच्या पल्ल्यावर सॅगरला पोहोचायला पंचवीस सेकंदांच्या आसपास लागतात, तेवढ्यात डागणाऱ्याच्या दिशेला गोळीबार केला आणि रणगाडा आडवा पळवला तर त्याचा हात चुकतो, हे रणगाडेवाल्यांना दिवसांतच उमगले. एका शस्त्राच्या अनपेक्षिततेचे आयुष्य किती, याचे इतके नेमके माप दुसरीकडे क्वचितच मिळते.

या साऱ्याच्या मागे समजुतीचा एक साचा होता, ज्याला इस्रायलमध्ये पुढे नुसते ‘संकल्पना’ म्हटले जाऊ लागले: इस्रायलच्या आतल्या विमानतळांपर्यंत पोहोचणारी विमाने व क्षेपणास्त्रे मिळेपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया करणार नाही. इजिप्तने कालव्यावर वर्षभर कवायतींमागून कवायती घेतल्या, राखीव शिपाई बोलावले आणि घरी पाठवले, आणि हल्ल्याच्या सकाळी काही शिपायांना शिरस्त्राणाविना काठावर अंघोळ करत, मासे पकडत बसवून ठेवले. युद्ध त्याच दिवशी होणार ही पक्की खबर शेवटी मिळाली, पण ती संध्याकाळची वेळ धरून. प्रत्यक्ष हल्ला दुपारी २ वाजता झाला. मधल्या चार तासांत रणगाडे कालव्याच्या काठी नेमलेल्या जागी पोहोचायचे होते. अग्रानात आयोगाने नंतर गुप्तवार्ता प्रमुखाला आणि लष्करप्रमुखाला दोषी धरले. खरे तर दोष माणसांपेक्षा साच्यात अधिक होता, पण साच्याला बडतर्फ करता येत नाही. पुढे १४ ऑक्टोबरला इजिप्शियन रणगाडे आपल्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर पडले आणि मोडले, त्यानंतर लगेच इस्रायलने उलट दिशेने कालवा ओलांडला. पहिल्या दुपारचे भांडवल आठवडाभरात संपले होते.

भारतीय उपखंडातील लढाया या संदर्भात कमी अभ्यासल्या जातात, आणि हे नुकसानकारक आहे, कारण येथे भूगोलच गृहीतके तयार करतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये झोजी ला या सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या खिंडीवर पायदळाचे हल्ले अयशस्वी झाल्यावर जनरल थिमय्या यांनी तेथे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे नेण्याचे ठरवले. ७ लाइट कॅव्हलरीचे हे रणगाडे जम्मूच्या बाजूने श्रीनगरमार्गे येताना त्यांचे बुरूज काढून वेगळे वाहिले गेले, म्हणजे वजनही घटले आणि ताडपत्रीखाली काय आहे हेही उमगले नाही. श्रीनगरमधून जाताना संचारबंदी लावली गेली, वाटेतले पूल मजबूत केले गेले, आणि बालताल ते खिंड ही खेचरांची वाट मद्रास सॅपर्सच्या अभियंत्यांनी रणगाडा जाईल इतकी रुंद केली. १ नोव्हेंबरला बर्फाच्या भुरभुरीत रणगाडे खिंडीत उगवले तेव्हा वरच्या दगडी मोर्चांत बसलेल्यांकडे त्यांना भेदणारे शस्त्र नव्हते, कारण तशा शस्त्राची तेथे गरज पडेल असे त्यांच्या वरिष्ठांना वाटलेच नव्हते. महिना संपायच्या आत कारगिल मोकळे झाले आणि लेहकडे जाणारी वाट खुली झाली.

१९७१ च्या युद्धात पूर्वेकडे मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवल्यावर भारतीय सैन्य तेथे थबकेल हा अंदाज रास्त होता. जनरल सगत सिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांच्या फेऱ्यांवर फेऱ्या करून पायदळ व हलक्या तोफा पलीकडे उतरवल्या, आणि ढाक्याच्या बचावाचे वेळापत्रक कोलमडले. पश्चिमेकडे, क्षेपणास्त्रनौकांच्या ताफ्याने ४ डिसेंबरच्या रात्री केलेला कराचीवरचा हल्ला याच जातीचा होता. या सोव्हिएत बनावटीच्या छोट्या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या, त्यांचा पल्ला तोकडा. म्हणून त्यांना वाटेत ओढून नेण्यात आले आणि बचावाचे साधन चढाईला वापरले गेले. पाकिस्तानी विनाशिका खैबरवर यांपैकी ‘निर्घात’ या नौकेचे पहिले क्षेपणास्त्र आदळले तेव्हा तिने शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचा संदेश पाठवला, आपण कशाने मारले जात आहोत हेच बुडणाऱ्याला कळले नव्हते.

याच उपखंडात भारत गाफील सापडल्याचेही उदाहरण आहे. हिवाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या कारगिलच्या शिखरांवर १९९९ मध्ये पाकिस्तानी सैन्य येऊन बसले, आणि मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ते उमगले नाही. एवढ्या उंचीवर हिवाळ्यात कोणी मोठी घुसखोरी करणार नाही, केली तरी टिकवू शकणार नाही, ही समजूत त्यामागे होती, आणि के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन समितीने तिची दीर्घ चिकित्सा केली. ती शिखरे परत घेताना मात्र त्याच समजुतीचा फासा उलटा टाकला गेला. ५,०६२ मीटर उंचीच्या टायगर हिलवर ३ जुलैच्या रात्री १८ ग्रेनेडियर्सच्या घातक तुकडीने पूर्वेकडच्या जवळजवळ उभ्या कड्यावरून दोर बांधत चढाई केली. वर बसलेल्यांच्या दृष्टीने तो कडा म्हणजे भिंत होती, आणि भिंतीवर सहसा कोणी पहारा ठेवत नाही. तरी चढणारे माथ्याजवळ दिसलेच आणि पुढची झुंज हातघाईवर आली. अनपेक्षिततेने त्यांना वर पोहोचवले. वर टिकण्याचे काम तोफखान्याने, इतर तुकड्यांनी आणि त्यांच्या स्वतःच्या रक्ताने केले.

गेल्या तीन दशकांत उपग्रह, ड्रोन आणि उष्णता टिपणारे कॅमेरे यांमुळे रणांगण पारदर्शक झाले असून अनपेक्षिततेचे दिवस संपले, असे मत वारंवार मांडले जाते. १९९१ मध्ये अमेरिकेने सौदी वाळवंटात दोन कोअर शेकडो किलोमीटर पश्चिमेला सरकवून इराकी फळीला वळसा घातला, तेव्हा पारदर्शकता एकाच बाजूला होती. इराकचे हवाई डोळे आधीच फोडले गेले होते, आणि खुणाहीन वाळवंटात उपग्रहांच्या साहाय्याने दिशा धरता येते ही गोष्ट इराकी सेनानींच्या हिशेबात नव्हती. दोन्ही बाजूंना डोळे असतात तेव्हा काय होते, याचे उत्तर युक्रेनने दिले. फेब्रुवारी २०२२ च्या रशियन आक्रमणाची बातमी अमेरिकेने आठवडे आधी जाहीर केली होती, आणि तरी कीवनजीकच्या होस्तोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरांतून उतरलेल्या रशियन छत्रीधारी सैनिकांनी काही तास तो ताब्यात ठेवला. मात्र त्यांच्या मागून यायची कुमक वेळेत आली नाही, युक्रेनी तोफखान्याने धावपट्टी खणून काढली, आणि कांब्रेचा जुना धडा नव्या वेषात परतला.

२०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनने खेर्सोनवर हल्ला करणार असल्याचा गाजावाजा केला, तो केलाही, आणि रशियाने चांगल्या तुकड्या तिकडे हलवल्यावर ६ सप्टेंबरला खार्किव्हच्या पूर्वेला विरळ झालेली फळी फोडून आठवड्याभरात हजारो चौरस किलोमीटर मुलूख घेतला. येथे हूल खोटी नव्हती, हा या उदाहरणाचा विशेष आहे. दोन खऱ्या हल्ल्यांपैकी निर्णायक कोणता, एवढेच झाकलेले होते. ६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनने रशियाच्या कुर्स्क प्रांतात काढलेल्या मोहिमेत गुप्तता आणखी घट्ट होती, रशियन ड्रोन आणि दळणवळण विद्युतचुंबकीय लहरींनी जाम करण्यात आले, आणि सुद्झा शहर काही दिवसांत पडले. त्यानंतर त्या मुलखाचे काय करायचे हा प्रश्न मात्र धूसर राहिला. पूर्व युक्रेनमधील पोक्रोव्स्कच्या दिशेने येणारा रशियन रेटा थांबला नाही आणि मार्च २०२५ पर्यंत बहुतेक भाग परत गेला. डावपेचांत मिळालेली अनपेक्षितता रणनीतीत वटवता आली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला, ज्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ ओलीस नेली गेली, १९७३ च्या युद्धाला पन्नास वर्षे आणि एक दिवस होत असताना झाला, आणि नीतीच्या दृष्टीने तो युद्धकर्म म्हणून मांडणेच अवघड असले तरी त्यातील तंत्र या आढाव्यातून वगळता येत नाही. गाझाच्या कुंपणावर कॅमेरे, संवेदक आणि दुरून चालवायच्या मशीनगन होत्या. हल्लेखोरांनी बाजारात मिळणाऱ्या ड्रोनमधून निरीक्षण मनोऱ्यांवर स्फोटके टाकून आधी हे डोळे मिटवले आणि मग कुंपण अनेक ठिकाणी तोडले. कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवून तेथे माणसे कमी केलेली असल्याने पडदे काळे होताच बचावाला मागे काही उरले नाही. हल्ल्याच्या आराखड्यासारखा दस्तऐवज वर्षभरापूर्वीच इस्रायलच्या हाती आला होता, पण हमासला सध्या युद्ध नको आहे या नव्या साच्यात तो बसत नव्हता.

अभ्यासकांमध्ये या साऱ्यावर एकमत नाही. रिचर्ड बेट्स यांनी १९८२ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की इशारे बहुधा मिळतातच, पण खोट्या गजराची किंमत मोजून कंटाळलेले राज्यकर्ते प्रतिसाद लांबवतात. मे १९७३ मध्ये इस्रायलने एकदा सैन्याची जमवाजमव करून खर्च वाया घालवला होता, हे त्याला पोषक आहे. स्टीफन बिडल यांनी २००४ मध्ये मांडले की आडोसा, विखुरणे आणि शस्त्रांचा समन्वय यांचे प्रशिक्षण ज्याच्याकडे आहे तो नव्या शस्त्रांच्या माऱ्यातही हालचाल करू शकतो, म्हणजे यंत्रापेक्षा कसब मोठे. ट्रेव्हर ड्युपुई यांनी अनपेक्षिततेला लढाऊ बळाच्या गुणाकाराचा आकडा देण्याचा प्रयत्न केला. तो उपयुक्त असला तरी त्यात एक खोट राहते, कारण ज्या हल्ल्यांची गुप्तता आधीच फुटली आणि जे म्हणून रद्द झाले ते कोणत्याच कोष्टकात येत नाहीत. शिवाय गुप्ततेचा खर्च स्वतःच्याच सैन्याला भरावा लागतो, याकडे बहुतेक सिद्धांत दुर्लक्ष करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेक रशियन तुकड्यांना आपण युद्धावर निघालो आहोत हे शेवटपर्यंत सांगितले नव्हते. शत्रूइतकेच आपले शिपाईही गाफील राहिले, आणि इंधन, नकाशे, रसद यांची तयारी त्याच प्रमाणात कच्ची राहिली.

पारदर्शक रणांगणावर अनपेक्षितता आता आकाराने लहान होत चालली आहे, असे २०२४-२५ मधील घडामोडींवरून दिसते. जेथे दहा वाहने एकत्र येताच ड्रोन झडप घालतात तेथे दोन-तीन शिपायांचे गट धुक्याची किंवा पावसाची सकाळ निवडून, उष्णता दडवणारी आवरणे पांघरून किंवा मोटारसायकलवरून पुढे सरकतात आणि तळघरांत जमत राहतात. मार्च २०२५ मध्ये सुद्झाजवळ रशियन सैनिक १ जानेवारीपासून बंद पडलेल्या निर्यात वायूवाहिनीच्या नळातून, जो सुमारे दीड मीटर व्यासाचा होता, वाकून आणि कोंदट हवेत कित्येक किलोमीटर चालत युक्रेनी फळीच्या मागे निघाले. युक्रेनच्या म्हणण्यानुसार ते बाहेर पडताच हवाई टेहळणीला दिसले आणि त्यांच्यावर तोफा सुरू झाल्या, रशियाच्या म्हणण्यानुसार याच खेळीने शहराचा बचाव विस्कटला. त्या दिवसांत सुद्झा पडले एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे, आणि नळातून आलेल्यांमुळे ते पडले की समोरून आणि पुरवठ्याच्या रस्त्यावर चाललेल्या ड्रोनच्या माऱ्यामुळे आधीच पडायला आले होते, हा वाद अजून चालू आहे.